तपासणीबाईंची दुसरी चक्की

शेतकी बँकेच्या त्या शाखेत कर्जाचा अर्ज आला, की तो चार टेबलांवर रेंगाळत शेवटी खिडकीजवळच्या टेबलावर येऊन थांबायचा. तिथे तपासणीबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना तपासणीबाईच म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

वय सत्तेचाळीस, अंगाने सडसडीत, चष्मा कायम कपाळावर. टेबलाखाली रबरी बुटांचा एक जोड असे, कारण डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही हा त्यांचा खाक्या होता. एकदा एका गृहस्थाने दुभती गाय दाखवून कर्ज मागितलं. बाईंनी गाय नीट बघितली आणि त्याला म्हणाल्या, जरा हाक मारा तिला. त्याने दोन-तीन नावं घेऊन बघितली, गाईने मान वळवली नाही. तेवढ्यात शेजारीण पाटी घेऊन बाहेर आली आणि गाय तिच्या मागोमाग चालू लागली. अर्ज तिथेच निकालात निघाला. पण त्याला चार लोकांत उघडं पाडलं नाही, एवढं बाईंनी सांभाळलं. पुढे त्याने खरोखरच गाय घेतली, तीही त्यांच्याच सहीने.

घरी माणसं तीनच. यजमान शिंपी होते. खाली दुकान, वर राहतं घर. सासूबाईंना कानांनी कमी ऐकू यायचं, पण गल्लीतली कुठलीही बातमी सर्वांत आधी त्यांनाच कळायची. हे कसं जमतं, ते बाईंना पंचवीस वर्षांच्या तपासणीतही उलगडलं नव्हतं.

एका सोमवारी त्यांच्या टेबलावर अकरा अर्ज एकदम येऊन पडले. अकराही गव्हाचे शेतकरी, अकराही एकाच ओढ्याकाठचे. त्यांचे पुढारी होते शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. खतं-औषधं बंद केल्यावर सेंद्रियचा दाखला मिळायला तीन वर्षं जातात. ती वर्षं या अकरा जणांनी पोटाला चिमटा घेऊन काढली होती. आता दाखला हातात होता आणि पुढच्या पेरणीला भांडवल हवं होतं. साहेबांनी आकडे बघून नकारार्थी मान हलवली. पीक आधीपेक्षा कमी, भाव मात्र तोच. हप्ता फिटायचा कसा?

बाईंनी बूट चढवले आणि ओढ्याकाठी गेल्या. शेतं बघून त्यांना बरं वाटलं. माती भुसभुशीत, बांधावर गवत, बोट घालावं तिथे गांडूळ. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, की गहू इथून निघाला की जातो कुठे. मास्तर म्हणाले, व्यापाऱ्याकडे. आणि तिथून? मास्तरांनी हात पसरले. व्यापारी तो इतरांच्या गव्हात ओततो, मग कुठला कुणाचा कोण सांगणार.

"म्हणजे तीन वर्षांची मेहनत एका ढिगात गेली," बाई म्हणाल्या.

"दरवर्षी जाते," मास्तर म्हणाले. "आम्ही बघत उभे राहतो."

त्या परत आल्या त्या डोक्यात हाच भुंगा घेऊन. दुसऱ्या दिवशी रोख भरण्याच्या खिडकीपुढे रांग लागली होती. रांगेत मास्तर होते आणि त्यांच्या पाठीमागे, पिठाने पांढरा झालेला एप्रन घालून, कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मालकीण ताई. ताईंच्या दुकानावर सेंद्रिय गव्हाच्या पावाची पाटी होती. बाई सहज उठून गेल्या आणि त्यांना विचारलं, की गहू कुठून आणता. ताई वैतागून म्हणाल्या, दोन दिवसांच्या वाटेवरून, गाडीभाडं देऊन जीव मेटाकुटीला येतो, इथे जवळपास कुणी पिकवतच नाही.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. दर मंगळवारी ही दोन माणसं त्याच रांगेत एकमेकांच्या मागे उभी राहत होती, तीही दोन वर्षं. बाईंना आधी हसू फुटलं, मग रोखपालाला, आणि शेवटी त्या दोघांनाही. बाईंनी दोघांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसल्या.

चहा संपेपर्यंत सगळं जुळत आलं, पण शेवटी घोडं अडलं गिरणीपाशी. ताईंना गहू नको होता, पीठ हवं होतं. गावात मोठी गिरणी एकच आणि तिच्यात चक्कीही एकच. दिवसभर तिथे सगळ्यांचं दळण चाले. सेंद्रिय गहू त्यातूनच काढला, तर दाखला देणारी माणसं तो सेंद्रिय मानणार नव्हती.

गिरणीवाले म्हणजे भुवयांपर्यंत पिठाने माखलेला, कमी बोलणारा, हट्टी गृहस्थ. बाईंनी सुचवलं, आमच्या दळणाआधी चक्की धुऊन-पुसून घ्या. ते म्हणाले, जमणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "बाई, तुम्ही एकदा साफ करून बघा, मग बोला."

दुसऱ्या कुणी हे बोलणं मनाला लावून घेतलं असतं. बाई रविवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून गिरणीत हजर झाल्या. वरचा दगड यारीने उचलला, खाचांतलं पीठ कुंच्याने काढलं, चाळण्या उलगडल्या, पट्टा झाडला, नळ्या ठोकल्या. एका नळीतून पीठ निघालं की दुसरीतून पुन्हा निघे. दुपार कलली तेव्हा कुठे काम संपलं. खांदे दुखत होते, नाकातोंडात पीठ गेलं होतं, आणि गिरणीवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या घरी जिना चढून आल्या तेव्हा सासूबाईंनी दार अर्धवट उघडून कोण हवंय म्हणून विचारलं.

त्या रात्रीच्या जेवणातच बाईंनी ठरवून टाकलं, की अकरा अर्जांचा एकेकटा विचार करणंच चुकीचं आहे. शेत, गिरणी आणि बेकरी ही एकाच दोरीला तीन ठिकाणी धरून उभी होती, आणि बँक दर खेपेला एकाच टोकाकडे बघत होती. त्यांनी सगळ्यांची मिळून एक फाइल केली. गिरणीला दुसरी छोटी चक्की आणि वेगळी कोठी घ्यायला कर्ज. ताईंनी दोन वर्षं ठरलेला गहू घेण्याचं लिहून द्यायचं. गहू कोठीत पोचला, की त्याच दिवशी बँक शेतकऱ्यांचे पैसे देणार, ताई पाव विकून महिन्याभराने ते बँकेत भरणार. आणि पुढे सामील होणाऱ्या ज्या नव्या शेतकऱ्यांची तीन वर्षं अजून व्हायची आहेत, त्यांना दाखला मिळेपर्यंत हप्ता मागायचा नाही.

गिरणीवाल्यांनी मात्र पाय मागे घेतला. बँकेची पायरी कधी चढलो नाही, आता या वयात कशाला, म्हणाले. बाईंनी आग्रह केला नाही. ताईंनी फक्त एक पाव नेऊन त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, की यातलं पीठ परक्या गावच्या गिरणीचं आहे. ते चार दिवस त्यांना टोचत राहिलं. पाचव्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून बँकेत आले.

मुख्य कचेरीतल्या समितीपुढे बाई त्यांनाच घेऊन गेल्या. लांबलचक टेबल, सहा चष्मे, मधोमध पाण्याचे पेले. शेत तारण ठेवलेलं समितीला कळत होतं, घरही कळत होतं, पण पावाच्या मागणीवर कर्ज द्यायचं म्हणजे काय, हे पचनी पडत नव्हतं. एक वयस्क सभासद गिरणीवाल्यांना म्हणाले, उद्या ही बेकरी बंद पडली तर तुम्ही काय करणार?

"दुसऱ्या बेकरीचं दळेन," गिरणीवाले म्हणाले. "लोकांनी जेवायचं सोडलेलं नाही अजून."

त्यावर सहाही जण हसले. मग बाईंनी आपले कागद पुढे केले आणि तासभर एकेका प्रश्नाला उत्तरं दिली. मंजुरी मिळाली, एक वर्ष करून बघा या बोलीवर.

पहिली गाडी कोठीत उतरली, चक्की सुरू झाली, ताईंनी पाटीवर ओढ्याकाठच्या मळ्यांची नावं लिहिली. आणि तिसऱ्याच आठवड्यात माशी शिंकली. तपासायला पाठवलेल्या पिठात रासायनिक खताचा अंश सापडला. ताईंनी तेवढा माल बाजूला काढला. अकरा जण एकमेकांकडे संशयाने बघू लागले. मास्तरांच्या सख्ख्या बहिणीचंही शेत त्यांत होतं, तिने तर भावाशी बोलणंच टाकलं. साहेब अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागले.

बाई बूट घालून पुन्हा निघाल्या. शेतं बघितली, अवजारं बघितली, गाडी आतून बघितली. कुठेच काही नाही. शेवटी कोठीत रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर दमून बसल्या आणि टेकलेला हात उचलून बघतात तर बोटांना बारीक पांढरे खडे. त्यांनी पोतं उलटं केलं. आतल्या बाजूला खताच्या कंपनीचं पुसट अक्षर होतं. जुनी पोती धुऊन, उलटी करून वापरायची सगळ्यांनाच सवय. कुणी लबाडी केली नव्हती. चक्की, कोठी, गाडी, सगळं फाइलमध्ये होतं. पोती मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, अगदी तपासणीबाईंच्याही.

हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मास्तरांच्या बहिणीने ते ऐकलं आणि जरा वेळाने भावाला म्हणाली, की घरी जाताना मला सोड. एवढ्यावर त्यांचा अबोला सुटला.

आता हव्या होत्या कोऱ्या जाड कापडाच्या चारशे पिशव्या. बँकेने त्यालाही पैसे मंजूर केले. घरी यजमान खूश झाले, मापाची पट्टी गळ्यात घालून हिशेबाला बसले. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला नाही देता यायचं हे काम. सही माझी आहे."

काम गेलं समोरच्या फुटपाथवरच्या शिंप्याकडे, ज्याच्याशी त्यांची वीस वर्षं चुरस होती. सासूबाईंना हे बरोबर ऐकू गेलं. अशी कशी ही सूनबाई, घरचं सोडून दारच्याला देते, असं त्यांनी तीन मजल्यांना कळेल इतक्या आवाजात सांगितलं. यजमान दोन दिवस गप्प होते. जेवताना मीठ हवं असलं तरी आईकडे मागायचे.

तिसऱ्या दिवशी समोरच्या शिंप्याचं मशीन बंद पडलं. जाड कापडाने सुई मोडली आणि आतला, कापड पुढे सरकवणारा दाताही झिजला. मळणी झालेला गहू पिशव्यांविना पडून होता. यजमान बराच वेळ दुकानाच्या दारात हात मागे बांधून उभे राहिले, मग रस्ता ओलांडून गेले आणि म्हणाले, माझं जड मशीन मोकळंच आहे, घेऊन जा. मोबदला घेतला नाही. दोघांनी मिळून मशीन उचलून नेलं, आणि त्यानंतर संध्याकाळचा चहा ते एकत्र घेऊ लागले. मशीन गेलं त्या रात्री मीठ बाईंनीच पुढे केलं, आणि यजमानांनी ते घेतलं.

वर्ष सरलं तेव्हा अकराचे सव्वीस झाले होते, त्यांतले पंधरा जण अजून दाखल्याची वाट बघणारे. आणखी दोन बेकऱ्या जोडल्या गेल्या. हप्ते वेळेवर येत होते. समितीने कौतुकाचं पत्र पाठवलं आणि पाठोपाठ बाईंची बदली केली. फळबागांच्या मुलखातली शाखा, तिथेही असंच काही जमतं का बघा, म्हणून.

यजमान म्हणाले, मशीन काय, कुठेही चालतं. खरी पंचाईत सासूबाईंची होती. बाई त्यांच्याजवळ बसल्या, कानाशी तोंड नेऊन सगळं समजावून सांगितलं. तिथलं घर मोठं आहे, गच्ची आहे, मागे बाग आहे.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल," त्या म्हणाल्या. "पण मी आधी डोळ्यांनी बघीन, मग काय ते सांगीन."

पुढच्या रविवारी तिघं मिळून घर बघायला गेली. सासूबाईंनी नळ सोडून बघितले, कपाटं उघडली, गच्चीवर ऊन कुठून येतं ते विचारलं, आणि शेजारणीशी तासभर गप्पा मारून आल्या. पसंत आहे म्हणाल्या. शिवाय समोरच्या बागेतली निम्मी फळं पेट्या न मिळाल्याने झाडाखालीच सडतात, असंही त्यांनी सांगितलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वही काढली.