शेवटच्या पानावरचं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते इब्राहिमभाईंचे. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला — बायकोलाही — सांगितलेलं नव्हतं. तुम्हांला सांगतो.

मी जिंतूरचा, घरातला पहिला पदवीधर. कुवेतला आलो आणि सबाह अल-सालेममधल्या गच्च्यांवरचे सोलर पॅनेल माझ्याकडे आले. इथल्या हिवाळ्यात बर्फ नाही. पण पहाटे धुळीवर दव पडतं आणि उन्हात तो चिखल काचेवर घट्ट वाळतो. वीज घटते. खरवडावं तर काचेवर ओरखडे. पाणी मारून मारून मी थकलो होतो.

इब्राहिमभाई दापोलीकडचे, आमच्याकडे सफाईला. आधी कित्येक वर्षं लोकांच्या गाड्या पुसलेल्या. म्हणाले, "साहेब, तुमचा चहा होईपर्यंत चिखल वाळतो. ऊन यायच्या आधी पुसा. पाणी तर वरूनच आलेलं असतं."

फजरची नमाज आटोपून ते गच्चीवर आले. मऊ फडकं, वरून खाली एकच हात. ऊन आलं आणि मीटरचा आकडा चढत गेला — चढतच गेला. तो आनंद अजून अंगावर येतो.

ती रीत मी इंग्रजीत लिहिली. कंपनीने पुस्तिका छापली. नाव एकट्या माझं. बढतीही माझी. एवढंच असतं तर — पण नाही. पुस्तिका हातात घेऊन त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठं आलंय?"

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी म्हणालो, "शेवटच्या पानावर."

त्यांनी त्या पानावरून बोट फिरवलं. माझे वडील अंगठा लावायचे. छापील कागदावर विश्वास टाकणारा माणूस मी ओळखत नव्हतो का?

पुस्तिका घेऊन ते कायमचे गावी गेले. नातवंडं इंग्रजी शाळेत. कुणी वाचून दाखवलं नसेल? मग दर ईदला फोनवर माझीच खुशाली का विचारत राहिले?

गेल्या आठवड्यात जहरापासून खैरानपर्यंतची, म्हणजे कुवेतभरातली, कंपनीची सगळी माणसं बैठकीला होती. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मग मागच्या रांगेतले सफाईवाले उठून टाळ्या वाजवू लागले — माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यातल्या एकासाठी. इतका ताठ मी पदवी घेतानाही उभा नव्हतो.

नवी पुस्तिका छापून आली त्याच दिवशी पत्र पाठवलं:

"इब्राहिमभाई, सलाम. शेवटच्या पानावर तुमचं नाव नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. सोबतची पुस्तिका नवी आहे. तिच्या पहिल्या पानावर, तुम्हांला वाचता येईल अशा मराठीत छापलंय — पहाटे पॅनेल पुसण्याची ही रीत इब्राहिम हसन, दापोली, यांची."