मास्तरांनी शिकवलेली चुकीची जागा

हनीफमास्तरांच्या पुतण्याचा, सलीमचा फोन आला, "चाचा गेले," एवढंच म्हणाला, आणि खरं सांगतो, मला आधी संशयच आला. हनीफमास्तरांनी मागं एकदा स्वतःच आवई उठवली होती की आपण बँड बंद करतोय. का, तर जुन्नर-मंचरात कोणाकोणाला आनंद होतो ते पाहायला. असा माणूस मरणाचीही हूल देईल असं वाटणं काही गैर नव्हतं. पण पलीकडून सलीमचा हुंदका ऐकू आला आणि मी कळंबहून मिळेल त्या गाडीनं निघालो. मातीला पोहोचलो. त्याला आता बरेच दिवस झाले, तरी मन काही थाऱ्यावर येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात ज्याच्या लग्नाला हनीफमास्तरांचा बँड, तो नवरदेव ऐटीत असायचा. त्या बँडचा लाल कोट अंगावर चढावा, बाकी आयुष्यात काही नको, असं मला विशीत वाटायचं. अडचण एकच होती. माझा मामेभाऊ मंचरच्या बँडमध्ये होता आणि क्लॅरोनेट मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. मंचरचा बँड म्हणजे मास्तरांचा हाडवैरी. परीक्षा द्यायला मी जुन्नरला त्यांच्या माडीवर गेलो, तर ऐन वैशाखात सगळ्या खिडक्या बंद. चाल बाहेर जाऊ नये म्हणून. काय वाजवतोस, कुठं शिकलास, काही नाही. पहिला प्रश्न, "कुणी धाडलं?"

"कुणी न्हाई. मीच आलोय."

"मामाच्या पोरानं बी न्हाई?"

हे त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. मग म्हणाले, "भित्तीकडं तोंड कर आन् वाजव." नवख्यानं खोलीतल्या कोणाची बोटं पाहू नयेत, असा तिथला नियमच होता. घामानं भिजत मी भिंतीला वाजवून दाखवलं. वळून पाहतो तर मास्तर खाली निघून गेलेले, एकटे गुलाबभाऊ ट्रंपेट पुसत बसलेले. "उद्या ये म्हणलेत," ते म्हणाले. घेतलं का, असं मी विचारलं. "ते त्यांनी अजून मलाबी सांगितल्यालं न्हाई," गुलाबभाऊ म्हणाले, आणि ते तर सुरुवातीपासून बँडमध्ये होते!

मास्तरांनी नवरीच्या पाठवणीसाठी स्वतः बांधलेली एक चाल होती. ती सुरू झाली की मांडवातली गडीमाणसंही डोळे पुसायची. लग्नात ती ते एकटेच वाजवत, बाकीच्यांनी नुसता सूर धरायचा. पण त्यांना दमा होता. आपला दम गेला तर कुणीतरी हवं म्हणून ती त्यांनी तिघांना शिकवली, प्रत्येकाला वेगळं बसवून, दार लावून, आणि एकमेकांसमोर वाजवायची नाही या अटीवर. पहिला सलीम, त्यांनी पोटच्यासारखा वाढवलेला बिनबापाचा पुतण्या. दुसरे गुलाबभाऊ. तिसरा मी. मला शिकवलेल्या चालीत एका जागी सूर वर जायचा. मास्तर स्वतः लग्नात तिथं खाली उतरायचे. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुला शिकीवलंय तेवढंच वाजव." मला वाटलं, झालं! ह्यांना आपल्याला नीट शिकवायचंच नाही. संशयाचं असं असतं, एकाला लागला की दुसऱ्यालाही लागतो.

पुढं पारगावला एक लग्न होतं. मुलीकडून आमचा बँड, मुलाकडून मंचरचा. पाठवणीला नवरी गाडीपाशी आली, मास्तरांनी क्लॅरोनेट ओठाला लावली, आणि तेवढ्यात पलीकडून तीच चाल सुरू झाली. आमची! पहिल्या ओळीला आमच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पलीकडच्या रांगेत माझा मामेभाऊ उभा होता, मग आणखी काय पाहिजे? मास्तर मात्र डोळे मिटून ऐकत होते. त्या एका जागेवर चाल आली तेव्हा त्यांनी क्लॅरोनेट खाली घेतली. तिथं मंचरवाले वरही गेले नाहीत आणि खालीही उतरले नाहीत, त्याच सुरावर थांबून राहिले. परतताना टेंपोत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. जुन्नरला उतरल्यावर मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, त्यांनी वाजवली ती मला शिकवलेली न्हाई."

"ठाव हाय."

"मग सांगा ना समद्यांना."

त्यांनी क्लॅरोनेट पेटीत ठेवली आणि म्हणाले, "परवा नारायणगावला सुपारी हाय. टायमात ये."

त्यांनी मला काढलं नाही, पण वर्षानुवर्षं कुणाला काही सांगितलंही नाही. मी माडीवर आलो की बोलणं थांबायचं. 'मंचरवाला' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मी चिडायचो, बँड सोडायचं ठरवायचो, आणि पुढच्या लग्नाला कोटाची बटणं लावत उभा असायचो. चोर कोण, हे माझ्या हिशेबी पक्कं होतं. गुलाबभाऊ. माझ्या नावानं सगळ्यात मोठ्यानं तेच ओरडायचे ना.

मास्तर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही माडीवर जमलो. चाचींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. म्हणाल्या, त्यांची चाल ऐकवा मला. एकमेकांसमोर आम्ही ती पहिल्यांदाच, एकेकानं वाजवली. मी त्या जागी वर गेलो. गुलाबभाऊंनी तिथं दोनदा घोळवलं. सलीम मात्र त्याच सुरावर थांबून राहिला… पारगावची ती जागा सगळ्यांच्या कानात होती. मास्तरांनी प्रत्येकाला वेगळी चूक शिकवून ठेवली होती, चाल फुटलीच तर कुठून फुटली ते कळावं म्हणून.

"मी मंचरवाल्यांकडं परीक्षेला गेलो व्हतो," सलीम खाली मान घालून म्हणाला. "इथं चाचांच्या पाठीमागं किती दिस ऱ्हायचं? काय वाजवावं ते सुचंना, हीच वाजवली. त्यांनी मला घेतलं न्हाई, चाल घेतली." मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "चाचांना कदी कळलं न्हाई, म्हणून वाचलो."

"कळलं व्हतं," चाची म्हणाल्या. "त्या दिशी जेवले न्हाईत. मी म्हणलं, मग त्या कळंबच्या पोरावर का आळ? तर म्हणले, सलीमवर आला तर त्यो घर सोडून जाईल. कळंबकर सोसंल. त्यो बँड सोडायचा न्हाई."

सलीमला विचारूनच हे लिहितोय. "लिव्ह, तुझं नाव मोकळं कर," म्हणाला. नाव मोकळं झालंही. गुलाबभाऊंनी तर जिन्यातच माझे हात धरले. पण मला सुखही होईना आणि रागही धरवेना. ज्या माणसाचा जगात कुणावर विश्वास नव्हता, त्यानं एवढं मोठं ओझं टाकताना माझ्यावर भरवसा ठेवला, आणि मलाच कळू दिलं नाही. तेवढं एकदा विचारायचं तरी होतं, मास्तर. मी हो म्हणालो असतो.