कोणाचा एक्स-रे

बेसाच्या आमच्या घरात ‘एक्स-रे’ म्हणजे पोरीचं काम, हे ठरून गेलं होतं. ती दुसऱ्या शहरात दूरच्या आकाशगंगांच्या मध्यावरल्या महाकाय कृष्णविवरांवर संशोधन करते. मी कामठीतल्या बंद पडलेल्या यंत्रमागांचे सुटे भाग घेतो आणि बुटीबोरीत विकतो. सुरुवात सायकलवर केली. समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी कधी मानला नाही. पोरीनं तिचं काम समजावलं, तेव्हा तेही मी असंच मानून घेतलं नव्हतं.

"विवरातून उजेडच निघत नाही म्हणते, मंग एक्स-रे कोण सोडते?"

"विवर नाही सोडत, बाबा. त्याच्याभोवती वायू फिरून राहते. आत पडता पडता तापते. त्याच्यावर आणखी तापलेला ढग असते, एक्स-रे तिथून येतात."

"म्हणजे गिळणारा अंधारात, अन् मरणारा चमकते."

"तुम्ही धंदाच करा," ती हसली.

तिच्या एका आकाशगंगेवर उपग्रहातली दुर्बीण पुन्हा पुन्हा रोखतात, एक्स-रे वाढले की घटले ते पाहायला. त्यामुळे बायको स्वयंपाकघरातून फोनवर पोरीला "मागच्यापेक्षा वाढलं वं, पुन्हा एक्स-रे काढाले लावला" म्हणाली, तेव्हा आकाशगंगेचंच चाललंय असं धरून मी बाहेर निवांत बसून होतो. कामठीतल्या व्यापाऱ्यालाही ऐटीत सांगितलं, "आमच्या पोरीची आकाशगंगा तापून राहिली." बायकोचा खोकला कूलरच्या ओल्या गवताचा, असं तीच सांगायची.

मग दवाखान्यातून माझ्या मोबाइलवर फोन आला. बायको उचलत नव्हती म्हणे. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढायचा आहे, उद्या उपाशीपोटी आणा.

मी हातातला ग्लास भिंतीवर फेकला. "मले काहून नाही सांगतलं?"

ती काचा वेचायला वाकली आणि तशीच खाली बसली. "सांगतलं असतं तर डॉक्टरशी भांडले असते. चार दवाखान्यांत भाव करत फिरवलं असतं मले. माह्याच्यानं आता फिरणं होत नाही."

पोरीला फोन लावला.

"आईनं शपथ घातली होती, बाबा."

"अन् तुह्या आकाशगंगेचं काय?"

"ते तर केव्हाचे मंदावले एक्स-रे. आत पडणारा वायू कमी झाला असेल."

म्हणजे बाजारात मी मिरवत होतो ते बायकोचं दुखणं.

पोरगी आली. दवाखान्यात खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी.

"तिले सांग, डबा आणला."

"आई, बाबाले सांग, मी जेवली."

"माह्या छातीवरून बोलू नका गा दोघं," बायको धापा टाकत म्हणाली. तरी निरोप मात्र दोघांचेही पोचवत राहिली, आवाज होता तोवर.

मला दोघींनी मिळून फसवलं, हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. एकीशी भांडता येत नाही आता. दुसरी सुट्टी वाढवून घरीच थांबली आहे. ती ताट वाढून ठेवते आणि आत जाते. मी जेवतो.