हंसिणीची ओटी

आई सांगलीहून हॅम्बर्गला आली ती माझ्या बाळंतपणासाठी. बॅगेत डिंक, अळीव, हाताने शिवलेली झबली. ती आल्यावर आठव्याच दिवशी, सातव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. झबली तिने कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून आम्ही रोज एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, गावाबाहेरच्या दलदलीकडे जायचो. तिथे लव्हाळ्यात एक पिवळ्या चोचीची हंसीण अंड्यांवर बसलेली होती. शहरातल्या तळ्यावर पावासाठी मागे लागणारे आगाऊ हंस वेगळे. ही रानातली जात, तिला माणसाची सावलीसुद्धा सोसत नाही. पायवाटेवर तसा बोर्डच होता, की पुढे जाऊ नका, पाखरं घरटं सोडून जातात. जर्मनमध्ये. आईला ते कुठलं वाचता येतंय!

एका सकाळी ती पिशवीत तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ घेऊन निघाली. हंसिणीची ओटी भरायची म्हणे, तिलाही दिवस गेल्यासारखेच की. माझ्या सातव्यासाठी आणलेला नारळ होता तो. मला हसू आलं आणि रडूही. मी नको म्हणायला हवं होतं. पण बाळ गेल्यापासून आईचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. माझी जीभच रेटेना.

साडी खोचून ती लव्हाळ्यात शिरली. नर मान ताठ करून ओरडला, हंसीण पाण्यात उतरली. आईने घरट्याकाठी नारळ ठेवला, हात जोडले आणि खुशीत परत आली. हंसीण काही परतली नाही. आम्ही दुपारपर्यंत थांबलो, दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी अंडी फोडलेली दिसली.

माझ्या हातालाच यश नाही, एवढंच आई म्हणाली आणि आठवड्याभरात परत गेली. मी गप्प बसले. किती नालायकपणा!

त्याला आता दोन वर्षं झाली. मला पुन्हा सहावा महिना लागलाय आणि आई यायला तयार नाही. परवा न राहवून फोनवर सगळं सांगून टाकलं. बोर्ड होता, मी तो वाचला होता, दोष तुझ्या हाताचा नाही, माझा आहे.



"दोन वर्षं," आई म्हणाली, "मी कुणाच्या बाळाला हात लावला नाही गं."