उजवीकडून पहिली

कादिरमियाँ गेल्याचं त्यांच्या मुलीने, शहनाजने, मला फोनवर सांगितलं. मी स्वयंपाकघरात अंबाडी निवडत होते. "अम्मा, अब्बा गुजर गए. जुम्मे के दिन," एवढंच ती बोलली. त्याच रविवारी, निखिल, तुझा नेहमीचा फोन आला. तुमच्याकडे भांडी धुण्याचं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाने नळी भलत्याच ठिकाणी जोडली आणि सगळीकडे पाणी झालं, हे तू हसत हसत सांगत होतास. "आजी, अगदी कादिरी काम!" असंही म्हणालास. मी हसले नाही. "लाइन गेली का?" तू विचारलंस. मी म्हटलं, हो रे, आवाज नीट येत नाही... आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"कादिरी काम" हा शब्द आपल्या घराबाहेर कुठेच नाही. भलतीकडे टाके घातलेला ब्लाउज असो, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र असो, आपल्याकडे सगळं कादिरी. तुझ्या बाबाने तो शब्द आजोबांकडून उचलला, तू आणि सईने बाबाकडून. तो शब्द कसा तयार झाला हे आपल्या घरात मला एकटीलाच माहीत आहे. आता लिहिलं नाही तर तो माझ्यानंतरही चालत राहील, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे ठाऊक आहे. सावकाश वाचा.

तारनाक्याच्या आपल्या घरात जी लाल, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार आहे, ती आजोबांनी एका जुन्या जहागीरदारांच्या देवडीतून, म्हणजे वाड्यातून, घेतली. देवडी विकली जात होती. कादिरमियाँ तिथल्या मोटारखान्यात लहानाचे मोठे झालेले, त्यामुळे गाडीबरोबर तेही आपल्याकडे आले म्हटलं तरी चालेल. दर गुरुवारी सायकलवरून यायचे. डोक्यावर विणलेली पांढरी टोपी आणि खिशात स्वच्छ धुतलेलं फडकं. आजोबांना "डाक्टर साब" म्हणत, कारण ते विद्यापीठात रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. एकदा ताप आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी आजोबांकडेच पाठवलं होतं! मला म्हणत बाईसाब.

इंजिन चालतं तेव्हा ते हवा आत ओढतं. त्या ओढीचा उपयोग करून ठिणगी कधी पडावी, ब्रेकला जोर कसा मिळावा अशी इतर कामं होतात, आणि त्यासाठी कार्ब्युरेटरजवळून रबरी नळ्या निघतात. आजोबा त्यांना व्हॅक्यूम लाइन म्हणत, कादिरमियाँ "इंजन की सांस." आपल्या गाडीत पितळेची चार बारीक तोंडं एका ओळीत आहेत. नळ्या चारही सारख्याच जाडीच्या, पण एका तोंडाशी ओढ सतत असते, तर दुसऱ्याशी ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येते, म्हणून अदलाबदल चालत नाही. परवान्यांच्या काळात बाहेरून साधा वायसर मागवायचा म्हणजे दगदग. नळी चिरली की कादिरमियाँ कोठी भागातल्या दवाखान्यांतून सलाइनची नळी मिळवत, एखादं तोंड बुजवत, कुठे तरी तिसरीकडून जोड घेत. असं करत करत मूळ मांडणी कुठली हे फक्त त्यांच्या डोक्यात उरलं.

मग बाजार उघडला. आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून नव्या नळ्यांचा संच पाठवला आणि तो विनासायास घरी पोचला, याचंच आम्हाला नवल. पण त्याच आठवड्यात कादिरमियाँच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. "महिनाभर ठहर जाव साब, मैं आके लगातुं," ते म्हणाले. आजोबांना कुठला धीर! तेव्हा कादिरमियाँनी आहे त्या नजरेने एक कागद लिहून दिला. वर इंजिनाचं चित्र, त्यात ओळीने चार टिंबं, आणि खाली उर्दूत, पहिली कुठे जाते, दुसरी कुठे, तिसरी, चौथी. आजोबांना उर्दू येत नव्हतं, मला तर नाहीच, मी कॉन्व्हेंटची. तुमचे पणजोबा, माझे मामंजी, जुन्या संस्थानात महसूल खात्यात होते, त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत. त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मी इंग्रजीत लिहून घेतलं. माझी पक्की नक्कल म्हणजे काय असते तुम्हाला माहीत आहे. पट्टीने रेघा मारल्या, चित्र नव्याने काढलं, चारही तोंडांना एक, दोन, तीन, चार असे आकडे दिले. वर ठळक अक्षरांत लिहिलं, "कादिरमियाँ यांच्या सूचनेप्रमाणे." कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गॅरेजच्या खिळ्याला टांगला. मूळ कागद तेलकट होता... तो मी त्याच दिवशी रद्दीत टाकला.

आजोबांनी नकलेबरहुकूम नळ्या बसवल्या. गाडी सुरू झाली, पण सिग्नलला थांबली की थरथरायची आणि चढावर मान टाकायची. दोनदा सगळं काढून पुन्हा बसवलं, दोन्ही वेळा माझ्या कागदावर बोट ठेवून. शेवटी आजोबा म्हणाले, "मियाँची नजर गेली होती, आता आठवणही गेली." गाडी कुकटपल्लीच्या एका नव्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागली. तिथे बसायला गार खोली होती आणि छापील बिल मिळायचं. गाडी काही सुधारली नाही. डोळ्याची पट्टी निघाल्यावर कादिरमियाँ फाटकाशी आले. "एक बार बोनेट खोलने देव साब." आजोबा अगदी प्रेमाने म्हणाले, "अब आराम करो मियाँ." ते प्रेमाने बोलले हेच वाईट झालं. रागावले असते तर मियाँना भांडता तरी आलं असतं. आजोबा गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत. क्लबात, स्टाफरूममध्ये कादिरी कामाची गोष्ट झाली, आणि आपल्या गल्लीतल्या स्कूटरी आणि फियाट एकेक करून मियाँकडे जायच्या थांबल्या. नव्या गाड्या येतच होत्या, लोकांना निमित्त हवं होतं. ते मी पुरवलं होतं, हे मला अजून कळायचं होतं.

दोनेक वर्षांनी शहनाजच्या लग्नाची पत्रिका आली. उर्दूत छापलेली, सोनेरी काठाची. मी ती उघडली तर आत कोरं पान. उलटी धरली की काय म्हणून पाहिलं, तेवढ्यात मामंजी हसले. "अगं, उजवीकडून उघड. उर्दूची सुरुवात उजवीकडून!" माझा हात पत्रिकेवर तसाच राहिला. कादिरमियाँची पहिली नळी म्हणजे उजवीकडची पहिली. मी आकडे डावीकडून दिले होते. मामंजींनी अक्षरं वाचली, चित्राकडे पाहिलंच नव्हतं.

त्याच दिवशी आजोबांना सांगायला हवं होतं. ते रागावले नसते, हसले असते, आणि क्लबात आणखी एक गोष्ट झाली असती. मला त्या हसण्याची भीती वाटली. "हिचं काम म्हणजे चोख" असं सगळं घर म्हणायचं, आणि मला ते फार आवडायचं... दुसरं कारण शोधूनही सापडत नाही.

मी कादिरमियाँना निरोप धाडला, गुरुवारी दुपारी या, साहेब विद्यापीठात असतील. ते आले. खिळ्याला टांगलेल्या कागदापुढे उभे राहिले. "अंग्रेजी नै आती बाईसाब, नंबर पढ़ लेतुं," म्हणाले आणि चार आकड्यांवरून बोट फिरवलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून. बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चाय लेंगे?"

"हौ, लेतुं," ते म्हणाले.

मी चहा घेऊन आले तोवर इंजिन सुरू होतं. बोनेटवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. त्यांनी चहा घेतला, फडक्याने हात पुसले आणि खिळ्यावरचा कागद काढला. "ये मैं ले जातुं. साब देखे तो फिर वैसाइच लगा देंगे." जाताना म्हणाले, "मेरा नाम नक्को लेव. बोलो, अपने आप ठीक हो गई."

संध्याकाळी आजोबांनी गाडी काढली आणि हब्शीगुड्यापर्यंत जाऊन लहान मुलासारखे खूश होऊन आले. "बघितलंस? शेवटी कुकटपल्लीवाल्यांनीच सोडवलं. नाही तर ते कादिरी काम!" मी कुकर लावत होते, तशीच लावत राहिले. आजोबा जाईपर्यंत त्यांना हे कळलं नाही. कादिरमियाँ पुढे जावयाच्या पंक्चरच्या दुकानात बसू लागले. ईदला शीरखुर्मा पाठवायचे, मी दिवाळीला करंज्या. त्या डब्यांबरोबर एक चिठ्ठी पाठवणं मला इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही.

कादिरमियाँच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी शहनाजकडे गेले. तिने आतून एक चपटी पिशवी आणली. त्यात माझा कागद होता, त्याच प्लॅस्टिकमध्ये, कुठेही घडी न पडलेला. "अब्बा बोलते थे, बाईसाब की अमानत है. माँगे तो देना." मग जरा थांबून तिने सहज विचारलं, "आप कभी माँगे नै, अम्मा?"

मी तिला सगळं सांगितलं.  ती उठून चहा ठेवायला गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कागद मी घरी आणला. निखिल, सई, गाडीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण बोनेट उघडाल तेव्हा पहिली नळी उजवीकडून मोजा. कागद पुन्हा त्याच खिळ्याला लावला आहे. आकडे तसेच ठेवलेत, चूक कुठे झाली ते दिसायला हवं. फक्त वरच्या ओळीतलं कादिरमियाँचं नाव पट्टी धरून लाल शाईने खोडलं, आणि तिथे माझं लिहिलं.