भर दुपारची दिवेलागण

शरीराचं घड्याळ चालवणारं एक प्रथिन असतं. ते पेशीत साठतं, एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला खुणा चिकटवतं, मग ते मोडतं, आणि या फेऱ्यावर आपली झोप चालते. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी त्याचे स्फटिक गोठवते, क्ष-किरणांनी आकार काढते. त्याची घडी न् घडी मला पाठ आहे.

परवा गावी, हिर्डोशीला गेले. आईला हल्ली दिवस-रात्र कळत नाही. भर दुपारी तिनं मागचं दार लावलं, दिवेलागणीला लक्ष्मी मागून जाऊ नये म्हणून, आणि तुळशीपुढं दिवा लावला. भाऊ नाचणीच्या काढणीवरनं जेवायला आला, तर म्हणाली, "लई अंधार केलास रं."

भाऊ मला म्हणाला, "तू याच्यावरच शिकलीस न्हवं? मग कर की कायतरी."

मला राग आला. आम्हाला गोठलेलं प्रथिन दिसतं. बिघडलेलं घड्याळ पुन्हा चालतं करणं कुणालाच येत नाही.

माझ्या एसटीची वेळ झाली होती. दिवा लागल्यावर मोठ्यांच्या पाया पडायची आमच्याकडं रीत आहे, म्हणून वाकले. आईनं उन्हात माझा हात धरला.

"एवढ्या काळोखात कुठं जातीस? उजाडलं की जा."