नांगर उचला!

मांडवीतले आमचे शेजारी काका बोटीवरची नोकरी संपवून घरी आले, तरी अंगणाला डेकच म्हणायचे. गोठ्यातल्या उंदरांनी कोंबडीची पिल्लं पळवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी कोंबडीसकट उरलेली पिल्लं टोपलीत घालून वाशाला टांगली. दोरीत रॉकेलच्या डब्याचा गोल पत्रा ओवला.

"बंदरात बोटीच्या दोरांना असाच पत्रा लावतो आम्ही. उंदराला पुढे येताच येत नाय."

रोज दिवेलागणीला "नांगर उचला!" अशी आरोळी ठोकून ते टोपली वर ओढायचे आणि हेलकावे थांबेपर्यंत खाली हात धरून उभे राहायचे.

"काका फार जपतात हो," मी काकूंना म्हटलं.

"जपतील नाय तर काय! आमच्या पोरांच्या वेळी बाप बोटीवर. कोंबडीच्या पोरांचं नशीब बरं!"